अंदाज एकाच बाजूला का चुकतात?

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड ते अहिल्यानगर अशी रेल्वेगाडी सुरू झाली. अहमदनगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५च्या सुमारास मंजूर झाला, तेव्हा त्याचा खर्च धरला होता ३५३ कोटी रुपये. सुधारित आकडा पुढे ४,८०५ कोटींवर गेला आणि बीडपासून परळीपर्यंतचे काम गाडी सुरू झाली त्या दिवशीही बाकीच होते. या मार्गासाठी वर्षानुवर्षे झगडलेले गोपीनाथ मुंडे २०१४मध्ये गेले. जिल्ह्याच्या गावाला रेल्वे मिळायला तीस वर्षे लागली. मंजुरीच्या वर्षी पहिलीत गेलेले मूल तोवर शिकून, पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईला ट्रॅव्हल्सच्या गाड्यांनी ये-जा करत चाळिशीकडे झुकले.

खर्च तेरा पटींहून अधिक कसा वाढला, असे विचारले की पहिले उत्तर मिळते महागाईचे. ते खोटे नाही. या काळात देशातली सर्वसाधारण किंमतपातळी सहा पटींच्या आसपास वाढली. २०१३च्या भूसंपादन कायद्याने जमिनीचा मोबदला वाढला, आणि तो वाढायलाच हवा होता. पण काम सहा-सात वर्षांत उरकले असते तर तीस वर्षांची महागाई त्याच्या वाट्याला आलीच नसती. ते उरकले नाही, कारण अशाच स्वस्त आकड्यांवर देशभरातले अनेक मार्ग मंजूर झालेले होते आणि वर्षाकाठी मिळणारा पैसा सगळ्यांत वाटून घ्यायचा होता. रेल्वेच्या अर्थसंकल्पाच्या पुस्तकात अलीकडेही कित्येक प्रकल्पांसमोर वर्षाची तरतूद म्हणून एक हजार रुपये छापलेले दिसतात. प्रकल्प कागदावर जिवंत राहावा एवढाच त्या रकमेचा उपयोग. एक हजार रुपयांत खडीचा एक ब्रासही येत नाही.

कमी धरलेल्या अंदाजाकडे आपण हिशेबातली किरकोळ चूक म्हणून पाहतो. माझ्या मते सार्वजनिक कामांमधला हा सर्वांत महागडा दोष आहे. त्याच्यामुळे नको ते प्रकल्प सुरू होतात, हवे ते रखडतात आणि त्याची किंमत ज्यांच्याकडे आधीच कमी आहे अशा प्रदेशांना मोजावी लागते. हा दोष मोजता येतो आणि मंजुरीआधी दुरुस्तही करता येतो. त्यासाठी लागणारी माहिती सरकारच्याच कपाटात पडून आहे.

ती असते सुप्रमाच्या, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यतेच्या, फायलींत. असा प्रस्ताव ज्याने एकदा तरी वाचला असेल, त्याला त्यातला तुलनात्मक तक्ता आठवेल. बाबनिहाय मूळ किंमत, सुधारित किंमत, वाढ, आणि मग वाढीची कारणे. ही कारणे खात्यांत इतकी रुळली आहेत की त्यांचे रकानेच ठरून गेले आहेत: दरसूचीतील बदल, भूसंपादनाच्या किमतीतील वाढ, संकल्पचित्रातील बदल, अपुऱ्या तरतुदी, इतर कारणे. यातला ‘अपुऱ्या तरतुदी’ हा रकाना नीट पाहण्यासारखा आहे. इथे बाजारभाव वाढलेले नसतात, कायदाही बदललेला नसतो. पोचमार्ग, स्थलांतरित करायच्या जलवाहिन्या, पावसाळी पाण्याच्या मोऱ्या अशा गोष्टी मूळ अंदाजपत्रकात धरल्याच नव्हत्या किंवा नावापुरत्या धरल्या होत्या, अशी ही खात्याने स्वतःच्या हाताने लिहून दिलेली कबुली असते. प्रत्येक फायलीत ती येते, मान्य होते आणि फाईल बंद होते. पुढच्या प्रकल्पाचे अंदाजपत्रक करणारा अभियंता ती उघडत नाही, कारण तसे करायला त्याला कोणी सांगितलेले नसते.

एकेक फाईल सुटी वाचली तर तिच्यातली कारणे पटतात, आणि बहुतेक वेळा ती खरीही असतात. वांद्रे-वरळी सागरी सेतूचा पाया १९९९मध्ये घातला गेला, तेव्हा अपेक्षा होती पाच वर्षांत आणि खूपच कमी खर्चात काम होण्याची. २००९मध्ये तो खुला झाला तोवर खर्च १,६०० कोटींच्या घरात गेला होता. मच्छीमारांच्या हरकती, न्यायालयातले खटले, बदललेले आराखडे ही सगळी कारणे घडलेली होती. रस्ते-रेल्वेच्या बाहेर पाहिले तर गोसीखुर्द धरण ३७२ कोटींवरून १८ हजार कोटींच्या पुढे गेले. त्याचीही कारणे आहेत. प्रत्येक प्रकल्पाची कथा वेगळी आणि शेवट मात्र एकच असेल, तर कारणांच्या मागे आणखी काही तरी आहे असे समजावे लागते.

हे ‘आणखी काही’ डेन्मार्कच्या बेंट फ्लिव्हबियर्ग या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आकड्यांत पकडले. २००२मध्ये त्यांनी २० देशांतल्या २५८ वाहतूक प्रकल्पांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दर दहांपैकी सुमारे नऊ प्रकल्पांत खर्च अंदाजापेक्षा जास्त झाला होता. रेल्वे प्रकल्पांत सरासरी वाढ ४५ टक्के, पूल आणि बोगद्यांत ३४ टक्के, रस्त्यांत २० टक्के. ही वाढ महागाई वजा करून, स्थिर किमतींत मोजलेली होती, त्यामुळे महागाईच्या सबबीला तिथे जागा उरली नाही. मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा आणखी एक निष्कर्ष: सुमारे सत्तर वर्षांच्या काळात या चुकीचे प्रमाण कमी झालेले नव्हते. पुढे त्यांनी प्रवासीसंख्येचे अंदाज तपासले, तर रेल्वे प्रकल्पांत प्रत्यक्ष प्रवासी अंदाजाच्या सरासरी निम्मेच भरले. म्हणजे खर्च दीडपटीच्या जवळ आणि उपयोग निम्मा. मुंबईच्या मोनोरेलचे रिकामे डबे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

प्रामाणिक चूक दोन्ही बाजूंना होते. कधी अंदाज जास्त निघेल, कधी कमी. आणि इतक्या वर्षांच्या अनुभवाने ती हळूहळू घटेल. जी चूक सत्तर वर्षे एकाच दिशेने होत राहते, ती कोणाच्या तरी सोयीची असते. फ्लिव्हबियर्ग यांनी त्या निबंधाच्या शीर्षकातच विचारले होते, ही चूक म्हणायची की लबाडी? माझे उत्तर असे की दोन्ही आहेत, आणि त्यांच्या जोडीला तिसरे एक कारण आहे, ज्यात कोणाचाही दोष नसतो. सल्लागाराला पुढचे काम हवे असते, खात्याला मंजुरी हवी असते, लोकप्रतिनिधीला भूमिपूजनाची तारीख हवी असते. कमी आकडा या तिघांनाही सोयीचा. हा लबाडीचा भाग झाला. पण अगदी निःस्पृह अभियंता घेतला तरी त्याची रीत अशी असते की कामाच्या बाबी मांडायच्या, दरसूचीतला दर लावायचा, परिमाणाने गुणायचे आणि बेरीज करायची. ज्या बाबीला दरसूचीत ओळ नाही, तिची किंमत या बेरजेत शून्य धरली जाते. रस्त्याखाली नकाशात नसलेली जुनी जलवाहिनी निघेल, न्यायालय दोन वर्षे स्थगिती देईल, ठेकेदार मध्येच काम सोडेल, यांना ओळ नसते. यातले नेमके काय घडेल हे कोणालाच माहीत नसते. काही तरी घडेल हे मात्र जवळपास नक्की असते. बेरजेच्या रीतीला पहिले कळते, दुसरे कळत नाही.

डॅनिएल कानेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात याच दोषावर बोट ठेवले. कानेमन यांनी स्वतःचा अनुभव सांगितला आहे. इस्रायलमध्ये शाळांसाठी अभ्यासक्रम लिहिणाऱ्या गटाने काम साधारण दोन वर्षांत संपेल असा अंदाज बांधला. मग त्यांनी गटातल्याच एका अनुभवी तज्ज्ञाला विचारले की अशी कामे हाती घेतलेल्या इतर गटांचे काय झाले? तो थोडा विचार करून म्हणाला की सुमारे चाळीस टक्के गटांनी काम पूर्णच केले नाही आणि बाकीच्यांना सात ते दहा वर्षे लागली. याच तज्ज्ञाने काही मिनिटांपूर्वी दोन वर्षांचा अंदाज दिला होता. माहिती त्याच्याच डोक्यात होती. पण आपल्या कामाकडे तो आतून पाहत होता, त्यामुळे ती त्याला आठवलीच नाही. प्रत्यक्षात त्यांना आठ वर्षे लागली. आपली संसारी माणसे या बाबतीत अधिक शहाणी असतात. घर पाहावे बांधून म्हणणारा माणूस गवंड्याने दिलेल्या आकड्यावर थांबत नाही. शेजारी ज्याने नुकतेच घर बांधले त्याला विचारतो, शेवटी किती लागले? मंजुरीच्या टेबलावर हा ‘शेवटी किती लागले’ प्रश्न विचारला जात नाही.

ब्रिटनने तो विचारायचे ठरवले. तिथल्या अर्थखात्याने २००३मध्ये मार्गदर्शक नियम काढले की प्रकल्पाचा अंदाज जसाच्या तसा स्वीकारायचा नाही, त्यात ‘आशावादाचा कल’ म्हणून ठरावीक टक्के वाढ करायची आणि मगच लाभ-खर्चाचे गणित मांडायचे. २००४मध्ये वाहतूक खात्यासाठी फ्लिव्हबियर्ग यांनी या वाढीचे कोष्टक तयार केले. त्यामागची कल्पना साधी आहे. तुमच्यासारखे जुने प्रकल्प घ्या, त्यांचा खर्च किती वाढला ते ओळीने मांडा, आणि किती धोका पत्करायची तयारी आहे ते सांगा. रेल्वेसाठी निम्मी-निम्मी शक्यता चालत असेल तर अंदाजात ४० टक्के मिळवा. खर्च मर्यादेत राहण्याची ८० टक्के खात्री हवी असेल तर ५७ टक्के. रस्त्यांसाठी हेच आकडे १५ आणि ३२, पूल-बोगद्यांसाठी २३ आणि ५५. कोष्टक तुमच्या प्रकल्पात काय बिघडेल ते सांगत नाही. तुमच्यासारख्यांचे आजवर किती बिघडले, एवढेच सांगते.

आपल्याकडे मेट्रोच्या प्रकल्प अहवालात आकस्मिक खर्चापोटी साधारण ३ टक्के धरायची रीत आहे. भाववाढ वेगळी धरतात, हे खरे. पण अनपेक्षितासाठी ३ टक्के.

मुंबईची मेट्रो-३ घेऊ. कुलाबा-वांद्रे-सीप्झ या ३३.५ किलोमीटरच्या भुयारी मार्गाला २०१३मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली ती २३,१३६ कोटींवर. नंतर खर्च ३३,४०५ कोटी झाला आणि शेवटी ३७,२७६ कोटींवर पोचला. मूळ आकड्यात ब्रिटिश कोष्टकातले ५७ टक्के मिळवले असते तर ३६,३२३ कोटी आले असते. एका उदाहरणाने काही सिद्ध होत नाही, आणि ब्रिटिश टक्केवारी स्थिर किमतींसाठी आहे, त्यामुळे दोन आकडे इतके जवळ यावेत यात योगायोगाचाही भाग आहे. तरी ते मला अस्वस्थ करतात. मेट्रो-३बद्दल बोलताना आपण आरे आणि कांजूरमार्ग यांच्यातल्या कारशेडच्या ओढाताणीबद्दल बोलतो, जणू ती झाली नसती तर सगळे सुरळीत पार पडले असते. आरेतली झाडे, सत्तांतर, न्यायालये हे २०१३मध्ये कोणालाही दिसणे शक्य नव्हते. पण दाट वस्तीच्या शहराखालून जाणाऱ्या मार्गाला कसला ना कसला अडथळा येणार, एवढे त्या वर्षीही सांगता आले असते, आणि तो किती महाग पडतो हे जगभरच्या अनुभवावरून मोजलेले होते.

आता याच उपायाचे अपयशही पाहायला हवे. एडिंबरा शहराच्या ट्रामच्या दुसऱ्या मार्गासाठी २००४मध्ये हे कोष्टक प्रत्यक्ष वापरले गेले. प्रकल्पवाल्यांचा आकडा ३२ कोटी पौंडांचा होता. ८० टक्के खात्रीसाठी तो ४० कोटी असायला हवा, असे तपासणीत निघाले. पुढे मार्गांची फेरआखणी झाली, संपूर्ण प्रकल्पासाठी ५४.५ कोटींची मर्यादा ठरली, आणि २०१४मध्ये ट्राम धावली तेव्हा ७७.६ कोटी पौंड खर्चून न्यूहेवनपर्यंतचा तुकडा गाळलेला एकच मार्ग हाती आला. न्यूहेवनला ट्राम पोचायला २०२३ उजाडले. ब्रिटनच्या ‘हायस्पीड टू’ रेल्वेचेही तेच. २०१३मध्ये तिचा खर्च ४,२६० कोटी पौंड धरला होता आणि त्यात १,४४० कोटी नुसते अनपेक्षितासाठी होते. सरकारने नेमलेल्या ओकर्व्ही समितीच्या अहवालात वरची मर्यादा १०,६०० कोटींपर्यंत गेली आणि ऑक्टोबर २०२३मध्ये मँचेस्टरकडे जाणारा टप्पा रद्द झाला.

म्हणून कोणी म्हणेल, एवढी वाढ धरूनही उपयोग होत नसेल तर हा खटाटोप कशाला? मला यातून वेगळे दिसते. कोष्टकात सूट मिळण्याची सोय होती: अमुक धोके हाताळले आहेत असे दाखवले की टक्केवारी कमी करता येते, आणि धोके हाताळल्याचा दाखला देणारे प्रकल्पाचेच लोक असतात. ज्याला मंजुरी हवी त्याच्याच हाती सूट दिली की सूट घेतली जाणारच. शिवाय साध्या रेल्वेमार्गांच्या अनुभवावरून काढलेली टक्केवारी देशाने फारशी बांधलेलीच नाही अशा अतिवेगवान रेल्वेला लावली तर ती तोकडी पडणारच. मिळवायचा आकडा कुठल्या गटातून घ्यायचा, हा प्रश्न त्या आकड्याहून अवघड आहे आणि त्यावरच जास्त डोके चालवायला हवे.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे आणि तो मी अभियंत्यांकडूनच ऐकला आहे: जास्त रक्कम मंजूर केली की ठेकेदाराला वास लागतो, आणि ती संपेपर्यंत खर्च थांबत नाही. आक्षेप रास्त आहे. नॉर्वेने त्यावर चांगला तोडगा काढला. २०००पासून तिथे मोठ्या सरकारी प्रकल्पांचे अंदाज बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासून घेतात आणि दोन आकडे ठरवतात. संसद साधारण ८५ टक्के खात्रीचा आकडा मंजूर करते. काम करणाऱ्या यंत्रणेला मात्र निम्म्या शक्यतेचा, म्हणजे कमी आकडा दिला जातो. मधली रक्कम वरच्या खात्याकडे राहते आणि यंत्रणेला ती कारण देऊन मागावी लागते. नंतरच्या पाहण्यांत बहुतेक प्रकल्प मंजूर मर्यादेत राहिल्याचे दिसले. तपासणारा बाहेरचा आणि राखीव पैसा वरच्याच्या हाती, या दोन गोष्टींनी हा फरक पडला असे मला वाटते.

तिसरा आक्षेप मात्र मनाला भिडणारा आहे. अर्थतज्ज्ञ आल्बर्ट हिर्शमन यांनी १९६७मध्ये मांडले की माणसाला अडचणी आधी दिसल्या असत्या तर त्याने मोठी कामे हाती घेतलीच नसती. अज्ञानामुळे तो उडी घेतो आणि पाण्यात पडल्यावर त्याची कल्पकता जागी होते. त्यांचे उदाहरण तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कर्णफुली कागद गिरणीचे होते. बांबू फुलून मेला, कच्चा माल संपला, आणि त्या संकटातूनच नवे स्रोत सापडले. आपल्याला त्यासाठी इतके लांब जावे लागत नाही. कोकण रेल्वे आहे. रोह्यापासून मंगळुरूजवळपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर, नव्वदहून अधिक बोगदे, आणि गोव्यातला पेडण्याचा बोगदा, जिथे डोंगराच्या पोटात खडकाऐवजी ओली माती निघाली आणि खणलेले पुन्हा पुन्हा ढासळत राहिले. तिथे कामगारांचे जीव गेले. पेडण्यात काय वाढून ठेवले आहे हे आधी कळले असते तर १९९०मध्ये महामंडळ स्थापन झाले असते का, आणि जानेवारी १९९८मध्ये गाडी धावली असती का?

कोकणातल्या माणसाला विचाराल तर तो म्हणेल, झाले ते बरे झाले. मलाही तसेच वाटते. पण प्रमुखपदी ई. श्रीधरन यांच्यासारखा माणूस, रोख्यांतून उभा केलेला वेगळा पैसा आणि एकाच कामाला वाहिलेले महामंडळ या गोष्टी तिथे एकत्र आल्या होत्या, आणि तरीही त्या रोख्यांच्या व्याजाचे ओझे महामंडळाला पुढे कित्येक वर्षे वाहावे लागले. हिर्शमन यांचा युक्तिवाद पार पडलेल्या कामांकडे पाहून केलेला आहे. अर्धवट राहिलेले पूल, वीस वर्षे नुसता भराव टाकून ठेवलेले रेल्वेमार्ग, जमीन देऊन बसलेली आणि गाडी न पाहिलेली गावे त्यात मोजलेली नाहीत. फ्लिव्हबियर्ग आणि कॅस सनस्टीन यांनी दोन हजारांहून अधिक प्रकल्पांवर हा विचार तपासला, तेव्हा अडचणींतून लाभ वाढल्याची उदाहरणे अपवाद ठरली. सरासरीने खर्च जास्त आणि लाभ कमी असेच निघाले. पैसा मर्यादित असतो तेव्हा एकाचे भाग्यवान अज्ञान दुसऱ्याच्या तरतुदीतून भागवले जाते, आणि हा दुसरा बहुधा राजकीय वजन कमी असलेल्या जिल्ह्यातला असतो.

महाराष्ट्राने ब्रिटनचे कोष्टक उचलून आणावे असे मी म्हणत नाही. ते तिकडच्या प्रकल्पांवरून काढलेले आहे आणि आपली भूसंपादनाची, न्यायालयांची, निविदांची तऱ्हा वेगळी आहे. आपली टक्केवारी कदाचित जास्तच निघेल. पण ती काढायला लागणारी सामग्री मंत्रालयात आहे. गेल्या तीस वर्षांतले सुप्रमाचे सगळे प्रस्ताव काढावेत, त्यांचे प्रकार पाडावेत - उड्डाणपूल, खाडीपूल, बोगदे, मेट्रो, घाटरस्ते - आणि प्रत्येकाचा मूळ आकडा, त्याचे वर्ष, अंतिम आकडा, लागलेला काळ एका तक्त्यात मांडावा. महागाई वेगळी काढावी. तो तक्ता सर्वांना पाहता यावा. मग कुठल्याही नव्या प्रस्तावाला प्रशासकीय मान्यता देताना त्यावर दोन आकडे असावेत, खात्याचा आणि तक्त्यातून आलेला, आणि दुसरा आकडा कमी करायची मुभा खात्याला नसावी. केंद्राचे सांख्यिकी मंत्रालय १५० कोटींवरच्या प्रकल्पांच्या वाढलेल्या खर्चाचे अहवाल नियमित काढत आले आहे. त्यांचाही उपयोग आजवर बातमीपुरताच झाला.

याने काही मार्ग नाकारले जातील, आणि ते नाकारणे मागास भागांवर अन्याय करणारे ठरेल, अशी भीती मला सांगितली जाते. कोल्हापूर-वैभववाडीसारखा रेल्वेमार्ग खऱ्या आकड्यावर कदाचित आज पहिल्या यादीत बसणार नाही. पण मग तो का बसत नाही, त्याच्याऐवजी कोणता बसला, आणि त्या भागाची गरज म्हणून राज्याने जादा पैसा का घालू नये, यावर विधानसभेत उघड भांडता येईल. सध्या आमदाराने प्रश्न विचारला की लेखी उत्तर मिळते: प्रकल्प मंजूर आहे, निधीच्या उपलब्धतेनुसार कार्यवाही सुरू आहे. या उत्तराशी भांडायला काही उरत नाही. खरा आकडा समोर आला की मागणी करणाऱ्याला नेमके किती मागायचे ते कळेल, आणि देणाऱ्याला काय सोडावे लागेल तेही कळेल. यासाठी नवा कायदा लागत नाही, परदेशी सल्लागार लागत नाही. वित्त विभागाच्या एका शासन निर्णयाने आणि फायली वाचायला बसवलेल्या चार-सहा माणसांनी हे काम सुरू होऊ शकते.